मेहेरबानीची मोकळीक

पैसे मोजून विकत आणलेल्या पेटीची किल्ली दुकानदारानें आपल्याच खिशांत ठेवली, तर ती पेटी आपली झाली असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु स्मार्टफोनच्या बाबतींत हाच प्रकार घडतो, तेव्हां आपणांस त्यांत वावगें कांहींच वाटत नाहीं. पेटीचें कुलूप डोळ्यांस दिसतें. फोनचें कुलूप त्याच्या आज्ञावलींत दडलेलें असतें, एवढाच काय तो फरक. आज बँकेचा व्यवहार, रेल्वेचें तिकीट, मुलांच्या शाळेचे निरोप, परगांवच्या आप्तांच्या भेटी, सारें कांहीं या हातांत मावणाऱ्या संगणकांतून होतें. मग या यंत्रांत काय चालावें आणि काय चालूं नये, हें ठरविण्याचा अधिकार तें विकत घेणाऱ्याचा कीं विकणाऱ्याचा, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्रज्ञांचा राहात नाहीं. तो प्रत्येक कुटुंबाचा होतो.

या प्रश्नास एक इतिहास आहे, आणि तो बोधप्रद आहे. जगांतील बहुसंख्य स्मार्टफोन ज्या अँड्रॉइड नांवाच्या कार्यप्रणालीवर चालतात, तिचा जन्मच मुळीं मोकळेपणाची दवंडी पिटून झाला होता. ती मोकळीक कोठून आली, कशी आटत गेली, आणि तिला पर्याय शोधणाऱ्यांचें काय झालें, हें आम्ही या लेखांत क्रमानें सांगणार आहों.

प्रथम मोकळीक म्हणजे काय तें पाहूं. छापील पंचांग हातीं असलें म्हणजे आजची तिथि कळते. पण तें पंचांग चुकलें आहे कीं काय, हें त्यावरून कळत नाहीं. तें कळण्यास त्यामागील गणित हातीं असावें लागतें. गणेश दैवज्ञानें १५२० सालीं रचलेला ग्रहलाघव ग्रंथ ज्या जोशाच्या घरीं असे, त्याला दुसऱ्याच्या पंचांगावर विसंबून राहण्याचें कारण नसे. तो स्वतः गणित करी, ताडून पाही, आणि आपल्या गांवापुरतें पंचांग सिद्ध करी. संगणकाच्या आज्ञावलीचेंहि असेंच आहे. आपण वापरतों ती छापील पंचांगासारखी. आणि जिला सोर्स कोड म्हणतात ती मूळ संहिता म्हणजे त्यामागील गणित. ही संहिता ज्याच्या हातीं, तो आज्ञावली तपासूं शकतो, दुरुस्त करूं शकतो, आपल्या गरजेप्रमाणें बदलूं शकतो. बाकीच्यांनीं मिळेल तें निमूटपणें वापरावयाचें.

ही संहिता सर्वांस मोकळी असावी, असा आग्रह नेटानें धरला तो अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यानें. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ज्या प्रयोगशाळेंत तो काम करी, तेथें झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यांत कागद वरचेवर अडके. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलींत फेरफार करून, कागद अडकला कीं संबंधितांस सूचना जावी, अशी सोय त्यानें पूर्वीं केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याच्याकडे मागितली असतां, ती कोणास देणार नाहीं असा करार आपण केला आहे, असें उत्तर मिळालें. गोष्ट क्षुल्लक, परंतु तींत स्टॉलमनला एका मोठ्या अन्यायाचें बीज दिसलें. १९८३ सालीं त्यानें ग्नू नांवाच्या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली, आणि १९८९ सालीं जी. पी. एल. नांवाचा परवाना सिद्ध केला. या परवान्याची मेख अशी कीं, संहिता कोणीहि घ्यावी, बदलावी, विकावीसुद्धां. पण बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना त्या बदलांची संहिताहि त्याच मोकळिकीनें द्यावी. एकदां मोकळी झालेली वस्तु पुनः कोणास कोंडून ठेवतां येऊं नये, अशी ही तजवीज होती. १९९१ सालीं हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचा कार्यप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला, आणि पुढल्याच वर्षीं तो याच परवान्याखालीं आणला. अँड्रॉइड फोनच्या तळाशीं हाच गाभा आहे.

अँड्रॉइड ही कंपनी २००३ सालीं कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें अँडी रुबिन व त्याचे सहकारी यांनीं काढली. २००५ मध्यें गूगलनें ती विकत घेतली. पुढें २००७ च्या जानेवारींत ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सनें आयफोन लोकांपुढें मांडला. तो सुंदर होता आणि बंदिस्त होता. २००८ पासून त्यावर बाहेरचीं ॲप्स चालूं लागलीं, तींहि ॲपलच्याच दुकानांतून व ॲपलच्याच संमतीनें. गूगलची मिळकत जाहिरातींवर. आणि लोक उद्यां फोनवरूनच जग पाहूं लागले व त्या फोनचें दार दुसऱ्याच्या ताब्यांत राहिलें, तर ती मिळकत त्या द्वारपालाच्या मर्जीवर राहणार, हें समजण्यास फार दूरदृष्टि नको होती. २००७ च्या नोव्हेंबरांत ओपन हँडसेट अलायन्स नांवाचा ३४ कंपन्यांचा संघ जाहीर झाला. २००८ च्या ऑक्टोबरांत अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारांत आला, आणि त्याच महिन्यांत तिची मूळ संहिता सर्व जगास खुली करण्यांत आली.

त्या काळचीं भाषणें आज वाचलीं म्हणजे मौज वाटते. २०१० च्या मे महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को येथील सभेंत गूगलचा अधिकारी व्हिक गुंडोत्रा यानें, आपण पुढें झालों नसतों तर एक मनुष्य, एक कंपनी व एक यंत्र यांवांचून लोकांस गत्यंतर उरलें नसतें, अशा अर्थाचें भाषण केलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत जॉब्सनें अँड्रॉइडच्या मोकळेपणाविषयीं शंका काढली, तेव्हां रुबिननें वाद घातला नाहीं. संहिता उतरवून घेऊन ती स्वतः सिद्ध करण्याच्या संगणकी आज्ञा त्यानें ट्विटरवर एका ओळींत लिहून दिल्या, आणि मोकळेपणाची व्याख्या ती हीच, असें सुचविलें. उत्तर बिनतोड होतें. त्या आज्ञा ज्याला चालवितां येत, त्याला कोणाची परवानगी लागत नसे.

परंतु या मोकळिकीचें मूळ कोठें होतें, हें पाहिलें पाहिजे. गाभा जी. पी. एल.खालीं होता, तो बदलणें गूगलच्या हातीं नव्हतें. वरचा मोठा इमला मात्र गूगलनें अपाचे नांवाच्या दुसऱ्या परवान्याखालीं ठेवला. या परवान्यानें संहिता घ्यावयास व बदलावयास कोणासहि मुभा आहे. पण पुढचे बदल लोकांस दिलेच पाहिजेत, असें बंधन नाहीं. फोन बनविणाऱ्या कंपन्यांना हें सोईचें होतें, कारण आपापलीं वैशिष्ट्यें त्यांना झांकून ठेवावयाचीं होतीं. पण ज्या दारानें कंपन्यांची सोय झाली, त्याच दारानें पुढें माघारहि घेतां येणार होती. थोडक्यांत, गाभ्याची मोकळीक सनदेनें मिळालेली होती. वरच्या इमल्याची मेहेरबानीनें. दुर्बळ पक्षाला मित्रांची गरज असते तोंवर त्याचें औदार्य टिकतें. तो प्रबळ झाला म्हणजे काय होतें, हें पुढील दहापंधरा वर्षांनीं दाखविलें.

पहिली ठिणगी लवकरच पडली. स्टीव्ह कोंडिक नांवाचा एक तरुण सायनोजेनमॉड नांवाची अँड्रॉइडची सुधारलेली आवृत्ति सिद्ध करून लोकांस देत असे. २००९ च्या सप्टेंबरांत गूगलनें त्याला नोटीस धाडली. कारण असें कीं, त्याच्या आवृत्तींत जीमेल, नकाशे, ॲपचें दुकान हीं गूगलचीं स्वतःचीं ॲप्स होतीं, आणि तीं मोकळीं नव्हतीं. कायद्यानें गूगलचें म्हणणें बरोबर होतें. कोंडिकनेंहि तीं ॲप्स काढून टाकून आपलें काम चालू ठेवलें. पण अँड्रॉइड म्हणजे दोन निराळ्या वस्तु आहेत, एक मोकळा सांगाडा आणि एक त्यावरचा बंद साज, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथम सर्वांच्या ध्यानांत आली.

साज बंद असल्यानें सांगाड्यावरहि हुकमत चालवितां येते, हें पुढल्या वर्षीं दिसलें. मोटोरोला कंपनीनें आपल्या फोनांत स्कायहुक नांवाच्या बोस्टनच्या कंपनीची स्थान दाखविण्याची सोय घालण्याचें ठरविलें होतें. गूगलनें सुसंगतीच्या नियमावर बोट ठेवून हरकत घेतली, आणि मोटोरोलाला तो बेत सोडावा लागला. त्यावरून झालेल्या दाव्यांत गूगलच्या एका अधिकाऱ्याचें ईमेल उजेडांत आलें. सुसंगतीचा नियम आपण दंडुक्यासारखा वापरीत आहों हें कंपन्यांना उघड दिसेल, असें त्यांत त्यानेंच लिहिलें होतें. २०११ मध्यें टॅब्लेटसाठीं काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीची संहिता गूगलनें कित्येक महिने दिलीच नाहीं. २०१२ च्या सप्टेंबरांत एसर कंपनी चीनमधील अलिबाबाच्या प्रणालीवर चालणारा फोन काढणार होती; तो समारंभ ऐन वेळीं रद्द झाला. अलायन्सच्या सभासदांस विसंगत प्रणालीचे फोन काढतां येणार नाहींत, ही भूमिका त्या वेळीं उघडपणें मांडणारा गृहस्थ रुबिनच होता. दोनच वर्षांपूर्वीं एका ओळींत मोकळेपणाची व्याख्या करून देणारा तो हाच.

याहून परिणामकारक क्रिया मात्र गाजावाजा न होतां चालली होती. २०१२ पासून गूगलनें प्ले सर्व्हिसेस नांवाचा एक बंद थर फोनांत घातला. स्थान ओळखणें, सूचना पोहोंचविणें, पैसे घेणें, अशीं अनेक कामें हळूहळू मोकळ्या सांगाड्यांतून निघून या थरांत गेलीं. ॲप लिहिणारे त्या थरावर विसंबूं लागले. मग तो थर नसलेल्या फोनवर तीं ॲप्स धड चालेनात. मोकळ्या सांगाड्यांतील ईमेल, दिनदर्शिका, कळफलक हीं साधनें तशींच पडून राहिलीं, आणि त्यांच्या जागीं गूगलचीं बंद साधनें आलीं. कोणीहि कांहीं हिरावून घेतलें नाहीं. वाड्याचीं दारें उघडींच होतीं. फक्त बिऱ्हाड शेजारच्या कुलूपबंद वाड्यांत गेलें.

यांत आपलें काय गेलें, असें कोणी विचारील. त्यास कळफलकाचेंच उदाहरण पुरे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या काळांत अनेक फोनांवर मराठी मजकूर उघडला तर अक्षरांऐवजीं रिकामे चौकोन दिसत. मेनू मराठींत दिसण्याची सोय गूगलनें २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत केली. परंतु आपल्या भाषा लिहिण्याच्या सोईसाठीं लोक कंपनीच्या मर्जीची वाट पाहात बसले नव्हते. केरळांतील स्वतंत्र मलयाळम् कंप्यूटिंग या मंडळीनें अँड्रॉइडच्या मोकळ्या कळफलकाची संहिता घेऊन तीवर इंडिक कीबोर्ड उभा केला; त्यांत मलयाळमबरोबर मराठीहि आली. मल्याळी मंडळींच्या खटपटीचा लाभ मराठीला मिळाला, तो संहिता मोकळी होती म्हणूनच. ज्या भाषेमागें मोठी बाजारपेठ नाहीं, तिला कंपनी केव्हां वळून पाहील याचा नेम नसतो. अशा भाषेच्या दृष्टीनें मोकळी संहिता ही चैनीची वस्तु नव्हे. ती तिच्या जगण्याची सोय आहे.

या सर्व प्रकाराची न्यायासनांपुढें चौकशी झाली. युरोपीय आयोगानें १८ जुलै २०१८ रोजीं गूगलला ४३४ कोटी युरो दंड केला. २०२२ च्या सप्टेंबरांत तेथील जनरल कोर्टानें तो ४१२.५ कोटींवर आणला, पण दोष बहुतांशीं कायम ठेवला. आपल्या येथें भारतीय स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि कंपनीनें काय करावें व काय करूं नये याचीं कलमें घालून दिलीं. २०२३ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें तात्पुरती स्थगिति नाकारली, तेव्हां गूगलनें भारतापुरते कांहीं नियम सैल केले. शोधयंत्र निवडण्याची मुभा त्यांत होती. परंतु २९ मार्च २०२३ रोजीं राष्ट्रीय कंपनी विधि अपील न्यायाधिकरणानें दंड कायम करून चार कलमें रद्द केलीं. दुकानाबाहेरून ॲप घालण्याच्या वाटेंत गूगलनें अडथळा आणूं नये, हें त्यांतील एक. दंडाचा आंकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला. हें रद्द झालेलें कलम फार थोड्यांच्या नजरेस पडलें. आणि पुढें वाद पेटला तो नेमका त्याच मुद्यावर.

२०२५ च्या मार्चांत गूगलनें जाहीर केलें कीं, अँड्रॉइडचें सर्व काम यापुढें आंतच चालेल. संहिता बाहेर येईल ती काम पुरें झाल्यावर. जूनमध्यें सोळावी आवृत्ति निघाली, तेव्हां गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांसाठीं लागणारे जे भाग पूर्वीं संहितेबरोबर मिळत, ते मिळाले नाहींत. स्वतंत्र आवृत्त्या सिद्ध करणाऱ्यांचें काम त्यामुळें अवघड झालें. पुढें २०२६ पासून संहिता वर्षांतून दोनदांच देण्याचें ठरलें. या सर्वांवर कळस चढला तो २०२५ च्या ऑगस्टांत. गूगलनें प्रमाणित केलेल्या फोनांवर, ज्याची ओळख गूगलकडे नोंदलेली आहे अशाच कर्त्याचें ॲप घालतां येईल, मग तें कोठूनहि आणलेलें असो, असा नियम जाहीर झाला. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत तो सप्टेंबर २०२६ पासून व पुढें जगभर लागू करावयाचा, अशी योजना होती. मोकळ्या ॲप्सचें एफ-ड्रॉइड नांवाचें विनामूल्य भांडार २०१० पासून चालत आलें आहे. हा नियम आला तर आपलें काम आजच्या स्वरूपांत चालणें शक्य नाहीं, असें त्याच्या चालकांनीं कळविलें. चोहींकडून ओरड झाली, तेव्हां नोव्हेंबरांत गूगलनें, जाणत्या लोकांसाठीं एक निराळी वाट ठेवूं, असें आश्वासन दिलें. जो हक्क पूर्वीं न मागतां होता, तो आतां सवलत म्हणून परत मिळावयाचा होता.

गूगलची बाजू येथें सांगितली पाहिजे, कारण ती पोकळ नाहीं. दुकानाबाहेरून, इंटरनेटवरून आणलेल्या ॲप्समध्यें घातक ॲप्सचें प्रमाण आपल्या दुकानापेक्षां ५० पटींहून अधिक आढळलें, असें कंपनीचें म्हणणें आहे. आपल्या देशांतहि लग्नाची निमंत्रणपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडावी आणि बँकेंतील शिल्लक नाहींशी व्हावी, असे प्रकार घडले असून पोलिसांनीं त्यांविरुद्ध इशारेहि दिले आहेत. वृद्ध आईबापांच्या हातीं फोन देणाऱ्या मुलांना ही भीति खरी वाटते, आणि ती खरीच आहे. परंतु चोराच्या भयानें घरास कुलूप लावणें निराळें, आणि त्या कुलपाची किल्ली घरधन्याजवळ न ठेवतां कुलूप विकणाऱ्याजवळ ठेवणें निराळें. पहिलें शहाणपण आहे. दुसरें म्हणजे संरक्षणाच्या मिषानें मालकीचें हस्तांतर आहे. मोकळेपणा आणि सुरक्षितता यांचें वैर नाहीं, हें ग्राफीनओएस या प्रणालीनें दाखविलें आहे. ती अँड्रॉइडच्याच मोकळ्या संहितेवर उभारलेली असून तिची बांधणी सुरक्षिततेच्या दृष्टीनें विशेष कणखर समजली जाते.

आतां पर्याय शोधणाऱ्यांकडे वळूं. त्यांची यादी लांब आहे आणि तींत हुशार माणसांची वाण नाहीं. ओपनमोको या मंडळीनें २००७ सालींच, अँड्रॉइड बाजारांत येण्यापूर्वीं, संपूर्ण मोकळ्या फोनचा प्रयत्न केला. फिनलंडच्या नोकिया कंपनीनें लिनक्सवर आधारलेले एन ९०० व एन ९ हे नामांकित फोन काढले; पण २०११ मध्यें तिनें मायक्रोसॉफ्टची कास धरली, आणि तेथून बाहेर पडलेल्या लोकांनीं योला ही कंपनी काढून सेलफिश नांवाची प्रणाली चालविली. कॅनॉनिकल कंपनीनें २०१३ मध्यें उबुंटू फोनसाठीं लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. जमले १ कोटी २८ लाखांच्या आसपास. २०१७ मध्यें कंपनीनें तो नाद सोडला, पण यूबीपोर्ट्स नांवाच्या स्वयंसेवकांनीं तें काम उचललें. बलाढ्य मायक्रोसॉफ्टचीहि गत निराळी झाली नाहीं. तिच्या फोनसाठीं गूगलनें यूट्यूबचें ॲप काढलें नाहीं. मायक्रोसॉफ्टनें स्वतः काढलेलें ॲप २०१३ मध्यें गूगलनें बंद पाडलें. आणि २०१९ नंतर त्या फोनांना कोणी वाली उरला नाहीं.

या यादींतील एका प्रयत्नाचा आपल्या देशाशीं निकट संबंध आहे. मोझिला या संस्थेनें फायरफॉक्स ओएस नांवाची मोकळी प्रणाली काढली, आणि २०१४ च्या ऑगस्टांत भारतांत इंटेक्स कंपनीनें तिच्यावर चालणारा फोन अवघ्या १,९९९ रुपयांस विकावयास काढला. तो टिकला नाहीं. २०१५ च्या अखेरीस मोझिलानें फोनचें काम आंवरतें घेतलें. परंतु संहिता मोकळी असल्यामुळें ती मेली नाहीं. तिच्यावरून कायओएस ही प्रणाली सिद्ध झाली, आणि मुंबईच्या रिलायन्स जिओनें २०१७ मध्यें जाहीर केलेल्या जिओफोनमधून ती कोट्यवधि सामान्य माणसांच्या हातीं गेली. २०१८ मध्यें तीवर व्हॉट्सॲपहि आलें. पुढें २०२५ च्या आरंभीं व्हॉट्सॲपनें तिची साथ सोडली, आणि फोन धडधाकट असूनहि त्याचा निम्मा उपयोग संपला. मोकळ्या संहितेनें फोनला दुसरा जन्म दिला. पण एका बंद ॲपनें पाठ फिरवितांच तो जन्म उणा पडला.

सरकारी बळावर पर्याय उभा राहतो, हें चीननें दाखविलें. २०१९ च्या मे महिन्यांत अमेरिकेनें हुआवे कंपनीवर निर्बंध घातले, गूगलचा साज तिच्या नव्या फोनांना मिळेनासा झाला, आणि त्याच वर्षीं तिनें हार्मनीओएस पुढें आणली. २०२४ च्या आवृत्तींत अँड्रॉइडचीं ॲप्स चालविण्याची सोयहि तिनें काढून टाकली. पराक्रम मोठा खरा. पण त्यानें फोन वापरणाऱ्याची मोकळीक वाढली असें म्हणवत नाहीं. किल्ली एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेली, इतकेंच. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.तील माजी विद्यार्थ्यांनीं देशी भाषांसाठीं इंडस ओएस काढली होती. ती मंडळी पुढें प्रणाली सोडून ॲपच्या दुकानाकडे वळली. २०२३ च्या जानेवारींत मद्रासच्या आय. आय. टी.च्या आश्रयाखालील मंडळींनीं सिद्ध केलेल्या भारओएसची मंत्र्यांच्या हस्ते चांचणी झाली आणि स्वदेशीचा गजर झाला. तिचाहि पाया अँड्रॉइडच्या मोकळ्या संहितेचाच आहे. वरून येणारें पाणी कोणाच्या धरणांतून येतें, हें पाहिल्यावांचून पाट खणण्यांत हंशील नाहीं.

मग हे सर्व प्रयत्न कां फसले? आमच्या मतें बुद्धीच्या अभावीं फसले नाहींत. सायनोजेनमॉड २०१६ मध्यें बंद झाली, तिची गादी लीनिएजओएसनें चालविली. फ्रान्समध्यें गायल दुव्हाल यानें गूगलवांचून चालणारी ई-ओएस काढली. पोस्टमार्केटओएसचे लोक टाकून दिलेल्या फोनांना नवें आयुष्य देण्यासाठीं झटत आहेत. अडचण निराळीच आहे. बहुतेक फोनांतील चिपला लागणाऱ्या आज्ञावल्या बंद असतात. पुष्कळ कंपन्या दुसरी प्रणाली घालण्याची वाटच कुलूपबंद ठेवतात. लिनक्सच्या परवान्यानें संहिता मिळते, पण ती आपल्याच फोनवर चालविण्याचा हक्क मिळत नाहीं. २००७ सालीं निघालेल्या जी. पी. एल.च्या तिसऱ्या आवृत्तीनें ही फट बुजविण्याचा यत्न केला. लिनक्सनें मात्र दुसरीच आवृत्ति ठेवली. आणि हीं सर्व विघ्नें ओलांडून कोणी फोन मोकळा केलाच, तर त्याच्या बँकेचें ॲप उघडत नाहीं. कारण फोन गूगलच्या कसोटीस उतरतो कीं नाहीं, हें अनेक बँकांचीं ॲप्स गूगललाच विचारतात. ज्या फोनवरून वीजबिल भरतां येत नाहीं, तो फोन तत्त्वासाठीं खिशांत बाळगणारे लोक सर्वकाळीं थोडेच असावयाचे.

याचा अर्थ असा कीं, पर्यायाचा प्रश्न केवळ दुसरा फोन बनविण्याचा नाहीं. दुसऱ्या फोनला समाजांत वावरतां येईल अशी व्यवस्था करण्याचा आहे. आणि ती व्यवस्था सार्वजनिक संस्थांच्या हातीं आहे. मनांत आणलें तर त्यांना हें साधतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. यू. पी. आय. ही देवघेवीची पद्धति मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ मध्यें सुरू केली, ती मुख्यतः स्मार्टफोनसाठीं. पण २०२२ च्या मार्चांत रिझर्व्ह बँकेनें साध्या बटणांच्या फोनवरूनहि ती वापरतां येईल अशी १२३ पे नांवाची सोय आरंभिली. ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाहीं, तोहि नागरिकच आहे, हें तत्त्व तेथें मान्य झालें. तेंच तत्त्व एक पाऊल पुढें न्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. ज्याच्याजवळ अमुक एका परदेशी कंपनीनें प्रमाणित केलेला फोन नाहीं, तोहि नागरिकच आहे. बँकेचें व सरकारचें प्रत्येक काम साध्या संकेतस्थळावरूनहि व्हावें. विकलेल्या फोनचें कुलूप उघडण्याची वाट मालकाला मिळावी. आणि दुकानाबाहेरून ॲप घालण्याचा हक्क कायद्याच्या कलमांत लिहिलेला असावा. त्याला आश्वासनाचा आधार पुरेसा नाहीं.

सामान्य कुटुंबासहि यांत करण्यासारखें थोडें आहे. फोन घेतांना आपण रंग व कॅमेरा पाहतों. त्याबरोबर, यास किती वर्षें सुधारणा मिळतील आणि त्यांत दुसरी प्रणाली घालतां येईल काय, हेंहि विचारावें. गिऱ्हाईक जो प्रश्न विचारीत नाहीं, त्याचें उत्तर दुकानदार ठेवीत नाहीं. घरांत संगणक शिकणारें मूल असलें, तर जुना फोन भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यांत मोकळी प्रणाली घालून पाहण्यास त्याला द्यावा. कदाचित् एक फोन वांचेल, कदाचित् एक यंत्रज्ञ घडेल.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट आशेची आहे. जें मेहेरबानीनें मिळालें होतें, तें हळूहळू परत गेलें. पण जें सनदेनें मिळालें होतें, तें एका प्रिंटरवरून झालेल्या भांडणापासून आजतागायत कोणास हिरावतां आलेलें नाहीं. लिनक्सचा गाभा आजहि मोकळा आहे, आणि जी संहिता एकदां बाहेर पडली तिच्यावर लीनिएजओएससारखीं कामें चाललींच आहेत. आपणांस औदार्य पुष्कळ मिळालें, आणि तें गोड वाटलें म्हणून त्याचा लेखी कागद मागण्याचें आपण विसरलों. तो कागद मागण्याची वेळ अजून गेलेली नाहीं.